साठ किलोचा कुत्रा

रेल्वेच्या हिशेबात कुत्र्याचं वजन त्याच्या खाण्यावर ठरत नाही, डब्यावर ठरतं. गार्डाच्या ब्रेकव्हॅनमधल्या पेटीत गेला तर तो तीस किलोचा, आणि मालकाबरोबर एसी फर्स्ट क्लासात चढला की साठ किलोचा. मग तो मुठीएवढा पॉमेरेनियन का असेना. वरच्या वर्गात गेलं की अंगावर वजन चढतं हे माणसांच्या बाबतीत आपण रोज बघतो. रेल्वेने ते दरपत्रकात लिहून ठेवलं एवढंच. फर्स्ट क्लासात तरी तो सुखाने जातो म्हणावं, तर तिथेही सहप्रवाशांची संमती हवी. ती भानगड नको म्हणून अख्खा कूपे किंवा केबिन स्वतःसाठी घ्या. संमती दिलेल्या प्रवाशाचं मन वाटेत फिरलं, तर कुत्र्याची रवानगी गार्डाकडे आणि पैसे परत मिळणार नाहीत. स्लीपर, चेअर कार, थ्री टायर आणि सेकंड क्लासात तर त्याने पाऊलच टाकायचं नाही. सापडला तर दराच्या सहापट. विनातिकीट माणसालाही इतक्या पटीचा मान मिळत नाही.

आता हा नियम डहाणूला लावून बघा. एप्रिल २०१३ पासून चर्चगेटची लोकल डहाणू रोडपर्यंत येते. अंतर सुमारे १२४ किलोमीटर. एवढ्या लांब पळणाऱ्या ह्या गाडीत कूपे नाही, केबिन नाही, गार्डाजवळ कुत्र्याची पेटीही नाही. एसी फर्स्ट क्लासची राजधानी डहाणूला थांबत नाही, शिट्टी तेवढी देते. म्हणजे डहाणूच्या कुत्र्याने कायद्याने फर्स्ट क्लासात बसावं आणि फर्स्ट क्लासने त्याच्यासमोरून ताशी शंभरच्या वेगाने निघून जावं, अशी ही व्यवस्था आहे. तलासरीचं आणखी सोपं आहे. तिथून हायवे जातो, रेल्वे जात नाही. त्यामुळे तिथल्या माणसाला आणि कुत्र्याला सारखंच वागवलं जातं. हा नियम ज्याने लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर शिकारीला निघालेला साहेब होता, त्याचा नोकर होता आणि दोघांच्या मधे साखळीला एक फॉक्सहाउंड होता, असा माझा पक्का संशय आहे. साहेब गेला. त्याच्या जागी बोर्डीच्या समुद्रावर शनिवार-रविवार काढायला येणारा लॅब्रेडॉर आला; पण तो एसी गाडीतून, खिडकीबाहेर जीभ काढून येतो. त्याला लोकलची गरज नाही. गरज आहे ती गुरांच्या दवाखान्यापर्यंत कुत्रं न्यायचं आहे आणि खिशात फक्त लोकलचं भाडं आहे, अशा माणसाला. माझं म्हणणं एवढंच आहे: डहाणू-विरारच्या लोकलमध्ये पाळीव कुत्र्याला अटी घालून, तिकीट लावून, चढू द्यावं.

हे म्हणताना मला स्वतःबद्दल फार बरं वाटतं, हे लपवत नाही. भूतदया माझ्या अंगी मुबलक आहे, विशेषतः लिहिताना. गाडीत ती खिडकीच्या जागेपाशी येऊन थांबते. पण म्हणूनच गर्दीचा आक्षेप मला आतून कळतो. ‘माणसांना उभं राहायला जागा नाही आणि ह्यांना कुत्री न्यायची आहेत!’ हे वाक्य डब्यात कोणीतरी म्हणणारच आणि बाकीचे माना डोलावणार. सकाळच्या गाडीपुरतं ते शंभर टक्के खरं आहे. मात्र त्यामागे आणखी एक भावना असते, ती आम्ही पासधारक कबूल करत नाही: डबा आमचा इलाखा आहे. कुत्रा आपला इलाखा खांबाखांबावर ज्या रीतीने आखतो, तेच काम आम्ही रुमाल टाकून करतो. रुमाल जास्त सभ्य आहे, पण उपरा आल्यावर घशातून जो आवाज निघतो तो अगदी एकच. विरारच्या गाडीत बोरिवलीला उतरणारा चढला की काय होतं, हे ज्याला माहीत आहे त्याला कुत्र्यांच्या वर्तनावर वेगळं पुस्तक वाचायला नको. तेव्हा ‘कुत्रा डब्यात भुंकेल’ हा मुद्दा आम्ही तरी काढू नये. स्वच्छतेचा मुद्दाही जपून काढावा. पाट्या, पोती, भाज्यांचे भारे आणि ओल्या मासळीचं पाणी ह्या सगळ्यांना त्या गाडीत रीतसर जागा आहे आणि ती असायलाच हवी, कारण त्यावर घरं चालतात.

युधिष्ठिराचा दाखला कोणीतरी देणारच, म्हणून मीच देऊन बाजूला ठेवतो. इंद्राने रथात कुत्र्याला मज्जाव केला, धर्मराज अडून बसले आणि शेवटी कुत्रा म्हणजे साध्या वेषातला तपासनीस निघाला. बोध इतकाच की कुत्र्याला नाही म्हणण्याआधी तो कोणाचा माणूस आहे ते बघावं. माझा आवडता दाखला दुसराच आहे आणि त्यासाठी वाचकांनी थोडी सवड काढावी. १८३२ च्या जूनमध्ये मुंबईत जो मोठा दंगा झाला, तो कुत्र्यांसाठी झाला. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा कंपनी सरकारचा नियम आधीपासून होता. त्या वर्षी त्याची मुदत वाढवली गेली. कुत्र्यामागे रोख पैसे मिळत असल्यामुळे पकडणारे मोकाट आणि पाळीव असा सूक्ष्म भेद करीनात. ६ जूनला, नेमक्या पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टात ठिणगी पडली. पारशी चिडले, कारण त्यांच्या धर्मात कुत्र्याचं स्थान मोठं. मेलेल्या माणसावर कुत्र्याची नजर पडावी लागते. सगदीद म्हणतात तो विधी हाच. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, हिंदू व्यापारीही सामील, आणि कुलाब्याच्या गोऱ्या सैनिकांचं पाव-पाणी अडवलेलं. बंदुका असलेलं सरकार नाश्त्यावाचून बसलं! पुढे फौज आली, धरपकड झाली, खटले झाले, सर जमशेटजी जीजीभॉयांनी आरोपींसाठी रदबदली केली आणि १८३४ साली त्यांच्याच पुढाकाराने मुंबईचं पांजरापोळ उभं राहिलं. मला ह्यातला सर्वांत गोड भाग वाटतो तो तडजोडीचा: कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर नेऊन सोडायची. म्हणजे मुंबईत आगगाडी धावायच्या एकवीस वर्षं आधी सरकारी खर्चाने कुत्र्यांची वाहतूक मंजूर झाली होती. त्यानंतर आपण मागेच आलो. डहाणू-घोलवडच्या पारशी-इराणी वाड्यांमधून चिकूच्या झाडाखाली झोपलेलं कुत्रं दिसलं की मला हे आठवतं: ज्याची नजर माणसाच्या अखेरच्या प्रवासाला हवी, त्याला वाणगावपर्यंतच्या प्रवासाला मनाई.

भीतीचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ वाचतच नाही. डहाणू-तलासरीच्या पाड्यावर मुलाला कुत्रं चावलं तर त्याच्या आईला दवाखान्याची वाट एकदा धरून भागत नाही. पहिल्या दिवशी सुई, मग तिसऱ्या, मग सातव्या, आणि पुढे आणखी. प्रत्येक खेपेला गाडीभाडं जातं आणि मजुरी बुडते. ह्या बाईने डब्यात कुत्रं बघून पाय मागे घेतला तर तिला प्राणिप्रेमावर व्याख्यान द्यायचा अधिकार कोणालाही नाही, मला तर मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये रेल्वे स्टेशनं आणि बस डेपोंमधून मोकाट कुत्री हलवायला सांगितली, त्यामागेही हीच भीती आहे. पण नीट पाहिलं तर हाच आक्षेप माझ्या बाजूने साक्ष देतो. लस दिलेलं, साखळीला बांधलेलं, मुसकं घातलेलं कुत्रं धोक्याचं नाही. लस न मिळालेलं आहे. लस मिळत नाही त्याचं एक कारण कुत्र्याला डॉक्टरपर्यंत नेता येत नाही हे आहे. लसीचा दाखला दाखवा आणि तिकीट घ्या, असं ठरलं तर दाखला काढायला माणूस स्वतः येईल. गोव्याने कुत्र्यांना लस टोचत जाऊन २०२१ साली स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणवून घेतलं. सगळी कुत्री घरात कोंडून नव्हे.

शिवाय कुत्री इथे प्रवास करतातच. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघालेला एखादा टेम्पो बघा. त्यात डेगची, गोधड्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, झोपाळलेली पोरं आणि त्यांच्या पायांत मुटकुळं करून बसलेलं एक तांबडं कुत्रं असतं. घर बंद होतं तेव्हा राखणदाराला मागे ठेवून जायचं कुणाच्या मनात येत नाही. तिथे त्याचं वजन कोणी करत नाही. वारली चित्रांतही कुत्रा शिकाऱ्याच्या पुढे धावताना दिसतो. स्टेशनांच्या भिंतींवर ही चित्रं काढायची आता पद्धतच पडली आहे, म्हणजे भिंतीवर तो चालतो.

गाडीत कुत्रं चढलं म्हणून जगात कुठे आकाश कोसळलेलं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत कुत्री जातात, फक्त सरकत्या जिन्यावर उचलून घ्यावी लागतात. स्वित्झर्लंडमध्ये मोठ्या कुत्र्याला सेकंड क्लासचं अर्धं तिकीट. न्यूयॉर्कने ‘पिशवीत घातलेला असावा’ असा नियम केला, तर लोकांनी बाजाराच्या पिशवीला चार भोकं पाडून त्यातून थोराड कुत्र्याचे पाय काढले. असं डोकं आपल्याकडे कमी पडेल असं वाटत नाही. शेजारच्या कर्नाटकात तर २०१८ साली कंडक्टरने दोन कोंबड्यांची अर्धी तिकिटं फाडली. तेव्हा पश्चिम रेल्वेने डहाणू-विरार मार्गावर, गर्दीची वेळ सोडून सकाळी अकरा ते दुपारी चार, फक्त मालडब्यात, साखळी, मुसकं आणि लसीचा दाखला असलेल्या कुत्र्याला अर्ध्या तिकिटात एक वर्ष नेऊन बघावं. वजन करू नये. आणि जमलं नाही तर बंद करावं. सवलती बंद करायला रेल्वेला कधीच वेळ लागलेला नाही.