अर्धपोळीमीमांसा

१. विषयप्रवेश

मिताहाराने देह लघू होतो व आयुष्य दीर्घ होते, हे सर्व देशांतील आचार्यांना मान्य आहे. मतभेद आहे तो 'मित' म्हणजे किती, एवढ्यापुरताच. धर्मसूत्रकारांनी घासांची गणना केली: मुनीला आठ, वानप्रस्थाला सोळा, गृहस्थाला बत्तीस आणि ब्रह्मचाऱ्याला हवे तितके. चरकाने विमानस्थानात कुक्षीचे तीन भाग कल्पिले. वाग्भटाने चार कल्पून दोन अन्नाला, एक पेयाला व एक वायूला दिला. ओकिनावा बेटावरील वृद्धांनी पोट ऐंशी टक्के भरताच हात आखडता घेण्याचा दंडक पाळला.

या सर्व मापनपद्धती आदरणीय असल्या, तरी त्यांत एक समान वैगुण्य आहे. महाराष्ट्रीय गृहस्थ घास मोजत नाही, आणि कुक्षीचा चतुर्थ भाग नेमका कोठे सुरू होतो हे त्याला जेवण आटोपल्यावरच कळते. मिताहाराचे त्याच्या हाती असलेले एकमेव प्रमाण म्हणजे अर्धी पोळी. या प्रमाणाला अद्याप स्वतंत्र शास्त्र लाभलेले नाही. ती उणीव दूर करण्यासाठी प्रस्तुत प्रबंध आरंभिला आहे.

२. अनुबंधचतुष्टय

शास्त्रारंभी विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी यांचा निर्देश करण्याची परंपरा आहे.

विषय: अर्धी पोळी.

प्रयोजन: मुख्य प्रयोजन वजनक्षय व आयुर्वृद्धी. गौण प्रयोजन, स्वतःच्या लग्नातील सूट पुतण्याच्या लग्नात अंगावर चढणे.

संबंध: पोळी व पोट यांचा संयोगसंबंध. पोट व पट्टा यांचा विरोधसंबंध.

अधिकारी: पुढील चार साधनांनी संपन्न असा पुरुष या शास्त्राचा अधिकारी होय. (अ) त्याची चाळिशी उलटलेली असावी. (आ) त्याच्या रक्ततपासणीच्या अहवालात किमान एक आकडा ठळक अक्षरांत छापलेला असावा. (इ) त्याला डॉक्टरांनी 'जरा खाण्यावर कंट्रोल ठेवा' असा उपदेश केलेला असावा. (ई) घरात पोळ्या करणारी व्यक्ती तो स्वतः नसावी.

चौथे साधन प्रथमदर्शनी अनावश्यक भासते. त्याची अपरिहार्यता सातव्या प्रकरणात सिद्ध होईल.

३. लक्षणविचार

'पूर्ण पोळी सेवन करण्याचे सामर्थ्य असताना, संकल्पपूर्वक व श्रोत्यांच्या उपस्थितीत, उच्चाराने मागितलेला पोळीचा खंड म्हणजे अर्धी पोळी', असे तिचे लक्षण करावे.

आता पदकृत्य. 'सामर्थ्य असताना' हे पद नसते, तर तापातून उठलेल्या रुग्णाने चिवडलेल्या तुकड्यावर अतिव्याप्ती झाली असती. 'संकल्पपूर्वक' हे पद नसते, तर डब्यात तेवढीच उरली म्हणून वाढलेल्या खंडालाही व्रताचे पुण्य लाभले असते. 'श्रोत्यांच्या उपस्थितीत' हे पद सर्वांत महत्त्वाचे. ते नसते, तर रात्री साडेअकराला स्वयंपाकघरातील दिवा न लावता गूळतुपाशी खाल्लेला खंडही अर्धी पोळी ठरला असता. तो भिन्न पदार्थ असून शास्त्रात त्याला 'निशाखंड' ही संज्ञा आहे.

लक्षणात आकाराचा उल्लेख नाही, हा प्रमाद नव्हे. प्रत्यक्ष व्यवहारात अर्धी पोळी एकतृतीयांशापासून तीनचतुर्थांशापर्यंत आढळते. तस्मात् अर्धत्व परिमाणनिष्ठ नसून घोषणानिष्ठ आहे.

४. द्रव्यविचार व भंगक्रिया

प्रस्तुत शास्त्रात 'पोळी' पदाने घडीची पोळी अभिप्रेत आहे. कणकेची लाटी थोडी लाटावी, तिच्यावर तेलाचे बोट फिरवावे, भुरभुर पीठ टाकावे, दोनदा दुमडून चतुर्थांश करावा व कडा पातळ ठेवून पुन्हा लाटावे, हा तिचा उत्पत्तिक्रम. तव्यावर ती फुगते व तिचे पदर सुटतात. तीस ग्रॅम कणकेच्या पोळीतून सुमारे शंभर उष्मांक मिळतात. वरील चमचाभर तुपाचे पंचेचाळीस निराळे.

तिचे दोन खंड करण्याच्या कर्मास भंगक्रिया म्हणतात. पोळी थेट तव्यावरून आलेली असल्याने पदरांतील वाफ बोटांस लागते, भंगकर्ता त्वरा करतो आणि भंगरेषा व्यासापासून ढळते. ढळलेल्या रेषेचा बृहत्खंड भंगकर्त्याच्या ताटात राहतो व लघुखंड डब्यात परत जातो. याचा विपर्यय आजवर अवलोकनात आलेला नाही.

भंगक्रियेचा तुपावर परिणाम होत नाही. पूर्ण पोळीवर जेवढे तूप पडते, तेवढेच अर्ध्या पोळीवरही पडते. यावरून तूप हे पोळीचा गुण नसून भोक्त्याचा गुण आहे, असे अनुमान निघते.

५. प्रकारभेद

अर्धी पोळी पंचविध आहे.

(१) आद्या: भोजनारंभी मागितलेली. हिच्या मागणीत स्वर दृढ असतो. पुढे हिच्यासारख्याच आणखी तीन येतात. प्रत्येक वेळी अर्धीच मागितली गेल्याने व्रतभंगाचा दोष लागत नाही.

(२) सेतुरूपा: ताटात भाजी उरली म्हणून अर्धी पोळी घ्यावी लागते. ती घेतल्यावर भाजी संपून पोळी उरते, म्हणून भाजी घ्यावी लागते. तीही किंचित अधिक पडते. नैयायिक या दोषास अनवस्था म्हणतात. गृहस्थ त्यास जेवण म्हणतो. तृप्तीची वार्ता उदरातून मेंदूपर्यंत पोहोचण्यास सुमारे वीस मिनिटे लागतात, असे शरीरशास्त्र सांगते. ऑफिसची वेळ गाठणारा गृहस्थ बाराव्या मिनिटाला हात धुऊन मोकळा होतो. त्यामुळे सेतूचे बांधकाम नेहमी वार्ता पोहोचण्यापूर्वीच पूर्ण होते.

(३) आग्रहजा: यजमानिणीच्या प्रेरणेने ताटात अवतरणारी. हिच्यापासून होणाऱ्या हानीचा ऐतिहासिक दाखला उपलब्ध आहे. लुईजी कोर्नारो नामक व्हेनेशियन गृहस्थाने दिवसाला बारा औंस अन्न व चौदा औंस द्राक्षासव एवढ्यावर प्रकृती सुधारली आणि १५५८ मध्ये मिताहारावर ग्रंथ लिहिला. मध्यंतरी नातलगांनी 'या वयात एवढ्याने कसे भागेल' म्हणून त्याला दोन-दोन औंस वाढवायला लावले. तो आजारी पडला व मूळ मापावर आल्यावरच बरा झाला. तात्पर्य, 'घ्या हो, अर्धीच तर आहे' हे वाक्य इटलीतही ज्ञात होते.

(४) प्रायश्चित्तात्मिका: लग्नाच्या पंगतीनंतरच्या दिवशी मागितलेली. हिच्यासोबत दुधी भोपळा अनिवार्य असतो. हिचा कालावधी एक भोजन.

(५) प्रतिफला: अर्धी पोळी सोडल्याच्या मोबदल्यात अन्य पदार्थाचा अधिकार निर्माण करणारी. हिच्यायोगे सुमारे पन्नास उष्मांक वाचतात व त्या पुण्याच्या बळावर श्रीखंडाची वाटी ग्रहण केली जाते. वाटीतील उष्मांक वाचलेल्यांच्या कित्येक पट असले, तरी पुण्य व उष्मांक ही भिन्नजातीय द्रव्ये असल्याने त्यांची वजाबाकी करता येत नाही.

६. संप्रदायभेद

(क) द्विभोजनवादी: डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांत, भोजन आटोपण्याचा मार्ग महाराष्ट्रात सर्वतोमुखी केला. मूळ मार्ग निर्मळ आहे. भेद उद्भवला तो अनुयायांच्या भाष्यांतून. पैकी 'पूर्णकालवादी' उपशाखा पंचावन्न मिनिटांना मर्यादा न मानता कर्तव्य मानते. तिच्या मते अर्धी पोळी ही चौपन्नाव्या मिनिटालाही घेता येते, किंबहुना घ्यावीच.

(ख) मुहुर्भोजनवादी: थोडे थोडे, परंतु वारंवार, हा यांचा दंडक. दर दोन तासांनी अर्धी पोळी घेतल्यास कोणत्याही एका वेळी अर्ध्याहून अधिक पोळी खाल्ली जात नाही. दिवसाची बेरीज हा संप्रदाय प्रमाण मानत नाही.

(ग) तुलावादी: या संप्रदायाचा आद्य प्रवर्तक सँतोरिओ हा इटालियन वैद्य. त्याने तराजूला आसन टांगून त्यावर बसून वर्षानुवर्षे स्वतःचे, अन्नाचे व मलमूत्राचे वजन केले आणि १६१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. खाल्लेल्याचा मोठा अंश अदृश्य घामावाटे जातो, हे त्याचे मत. अर्वाचीन तुलावादी पहाटे, शौचोत्तर, घड्याळ व चष्मा काढून काट्यावर उभा राहतो. काटा कोणत्या फरशीवर ठेवला असता पाव किलो कमी दाखवतो, याचे ज्ञान गुरुमुखातून मिळते.

(घ) भाकरीवादी: हे पोळीचे अस्तित्वच नाकारतात. भाकरी पचायला हलकी असल्याने दोन खाव्यात, दोन खाल्ल्या की ठेचा हवा, ठेचा तिखट असल्याने लोणी हवे, असा यांचा सत्कार्यवाद. यांच्यात अर्धी भाकरी ही संकल्पना नाही.

७. पूर्वपक्ष व सिद्धांत

पूर्वपक्षी म्हणतो: रोज अर्धी पोळी वगळल्यास वर्षाला १८,२५० उष्मांक वाचतात. एक किलो मेदाचे सुमारे ७,७०० उष्मांक धरल्यास वर्षाकाठी दोन किलोंहून अधिक वजन उतरावे. शिवाय क्लाइव्ह मॅके यांनी १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात, पोषक परंतु अल्प आहारावर वाढवलेले उंदीर अधिक जगतात, असे दाखवले. अमेरिकेतील दोन वर्षांच्या एका चाचणीत निरोगी माणसांना आहार पंचवीस टक्के घटवण्यास सांगितले, तेव्हा त्यांना सरासरी बारा टक्केच जमले. तेवढ्यानेही लाभ झालाच. अतएव अर्धी पोळी सफल आहे.

यावर उत्तर. उंदराचा दृष्टांत विषम आहे. प्रयोगशाळेत न दिलेले खाद्य पिंपात राहते. महाराष्ट्रीय घरात न खाल्लेली अर्धी पोळी केलेली असते. केलेले अन्न टाकायचे नसते. तस्मात् पूर्वपक्षी ज्यास बचत म्हणतो, ते केवळ स्थानांतर होय. यालाच अर्धपोळीच्या अक्षय्यत्वाचा सिद्धांत म्हणतात.

डब्यात परतलेल्या खंडास तीन गती आहेत.

प्रथमा सायंगती. खंड रात्रीपर्यंत कडांनी कडक होतो व दुधात कुस्करून संपवला जातो.

द्वितीया प्रभातगती. साठलेले खंड कुस्करून कांदा, मिरची, शेंगदाणे व सढळ तेल यांच्या संयोगाने फोडणीची पोळी सिद्ध होते. तो नाश्ता असल्याने व्रती तिचा स्वीकार करतो आणि कालचा संयम आज तेलासह परत घेतो.

तृतीया गृहिणीगती. ही सर्वाधिक घडते आणि सर्वांत कमी नोंदली गेली आहे. तिचे क्षेत्रावलोकन पुढीलप्रमाणे:

"अगं, मला अर्धीच वाढ."

"अहो, मग उरलेल्या अर्धीचं मी काय करू?"

"ठेव झाकून. बघू."

मुलगाही 'जिम'मुळे अर्धीच घेतो. सगळे उठतात. ती ओट्याशी उभी राहून पातेल्यातली चार चमचे भाजी वाटीत काढते, वाटीत मावत नाही तेवढी डब्यातल्या अर्धीवर घेते, 'आता ही कुठे ठेवायची' असे पुटपुटते, आणि खाते. मग दुसऱ्या अर्धीला लोणच्याचा खार लावते. हे होताना एका हाताने गॅसची शेगडी पुसणे चालू असते. ताट घेतलेले नसल्याने हे भोजन नव्हे. श्रोते नसल्याने, तिसऱ्या प्रकरणातील लक्षणानुसार, ही अर्धी पोळी नव्हे. अशा रीतीने तो खंड शास्त्राच्या कक्षेतूनच निसटतो.

दोन अर्ध्यांची एक पोळी होते. पूर्वपक्षीचेच गणित लावल्यास घरातील दोन पुरुषांनी वर्षभरात उतरवलेले पावणेपाच किलो स्वयंपाकघरात चढलेले असतात. घराचे एकूण वजन स्थिर राहते. पुढे तिचा अहवाल येतो. त्यातही एक आकडा ठळक असतो. डॉक्टर म्हणतात, 'जरा खाण्यावर कंट्रोल ठेवा.' परंतु अधिकारीलक्षणातील चौथे साधन तिच्या ठायी नसल्याने या शास्त्रात तिला प्रवेश नाही. ते साधन कोणी व का घातले, हे आता स्पष्ट झाले.

८. निर्णय

सर्व पक्षांचा विचार करून पुढील निर्णय देण्यात येत आहे.

एक, मिताहार ताटात आरंभत नाही, परातीत आरंभतो. भिजवलेल्या कणकेवर केलेला संकल्प उशिरा केलेला संकल्प होय.

दोन, ज्याने अर्धी मागितली, तोच उरलेल्या अर्धीचा स्वामी आहे. तिची विल्हेवाट त्यानेच, बसून व साक्षीदारांसमक्ष लावावी.

तीन, अधिकारीलक्षणातील चौथे साधन रद्द करण्यात येत आहे. यापुढे अर्धी पोळी मागणाऱ्याने निम्म्या लाटीची लहान पोळी स्वतः लाटावी. पोळपाट-लाटणे ओट्याखालच्या डावीकडच्या कप्प्यात असते.