परदेशी जाऊन काहीही न करण्याची शास्त्रोक्त पद्धत

प्रस्तुत मार्गदर्शिका कुम्हारी, चरोदा आणि भिलाई-३ या पट्ट्यातल्या मराठी आजी-आजोबांसाठी आहे. रायपूरकरांनीही तिचा लाभ घ्यायला हरकत नाही. पण त्यांच्याकडे महाराष्ट्र मंडळ आहे, विमानतळ आहे आणि फुकट सल्ला देणारे रिटायर्ड साहेब गल्लोगल्ली आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे आणि बडा तालाब आहे. तेव्हा गरज आपली जास्त.

पात्रतेची अट एकच : निदान एक अपत्य शिकून परदेशी गेलेले असावे आणि त्याच्याकडून नुकताच ‘आई, तू कधी येतेस?’ असा फोन आलेला असावा. या प्रश्नातले ‘तू’ एकवचनी आहे, हे बाबांनी मनाला लावून घेऊ नये.

परदेशी माणूस आपल्या भागाला नवा नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्याचा सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या ब्लास्ट फर्नेसचे उद्घाटन केले, आणि त्या काळात सोव्हिएत इंजिनिअर भिलाईत बायकामुलांसह राहत होते. पण ते कामासाठी आले होते आणि तसे छातीठोक सांगत होते. आपल्याला काम न करण्यासाठी जायचे आहे, आणि ते कागदोपत्री सिद्ध करून जायचे आहे. हे पोलाद ओतण्यापेक्षा अवघड आहे.

पहिला धडा, आपण काम करतो की नाही ते ठरवणे. भारतापुरते हे ठरलेले आहे. जनगणनेत फक्त घरचे काम करणारी बाई ‘काम न करणाऱ्यां’च्या गटात मोजली जाते. बाबांचेही चाळीस वर्षे हेच मत आहे. ‘तू दिवसभर घरीच तर असतेस’ हे वाक्य भिलाईतल्या सेक्टरच्या क्वार्टरमधून कुम्हारीच्या स्वतःच्या घरात सामानाबरोबर शाबूत आले आहे. आणि अशा बाईने व्हिसाचा अर्ज केला की जगात पहिल्यांदाच एक माणूस, काचेपलीकडे बसलेला, टायवाला, तिच्याकडे संशयाने पाहतो : ही बाई काम तर करणार नाही ना? अनेक आजींना त्या क्षणी भरून येते. भरून येऊ देऊ नये. मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते.

आता देशोदेशीचे शास्त्र पाहू.

सर्वांत समजूतदार कॅनडा. तिथल्या नियमांनुसार ज्याचे पैसे मिळतात, किंवा जे स्थानिक माणसाच्या रोजगाराशी थेट स्पर्धा करते, ते काम. आणि काय काम नाही, याची उदाहरणे देताना सरकारने स्वतःच लिहून ठेवले आहे : लेकीला मूल सांभाळायला मदत करणारी आई, आणि पुतण्याला त्याचे छोटे घर बांधू लागणारा काका. हा काका कुठल्या गावचा, याचा उलगडा होत नाही. आमच्याकडचे काका पुतण्याच्या घराच्या पायाभरणीला येतात, खुर्ची मागवतात आणि दक्षिणेचा दरवाजा बदलायला सांगून जातात. तेही काम नव्हेच, म्हणजे व्हिसाला अडचण नाही. आईवडिलांसाठी कॅनडाने डिसेंबर २०११ पासून सुपर व्हिसा ठेवला आहे आणि जुलै २०२२ पासून त्यावर एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी मुलाची ठरावीक कमाई, आपली वैद्यकीय तपासणी आणि किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा लागतो. पाच वर्षे हा आकडा सुनेला एकदम सांगू नये.

ब्रिटन मोजूनमापून वागतो. व्हिसा दोन, पाच किंवा दहा वर्षांचा मिळाला तरी एका भेटीत साधारण सहा महिनेच. नातवाला सांभाळायला चालेल, पण भेट छोटी हवी आणि आजीची ‘चाइल्डमाइंडर’ म्हणून नेमणूक झाल्यासारखे दिसता कामा नये. नेमणूक झाली की नाही हे ओळखायचे कसे? पगार, सुट्टी आणि आभार यांपैकी काही मिळत असेल तर नेमणूक असण्याची शक्यता आहे. (हा निकष आमचा, ब्रिटिश गृहखात्याचा नाही.)

युरोपच्या शेंगेन देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस, आणि किमान ३०,००० युरोंचे विमा संरक्षण. सव्वा महिन्याचे बाळंतपण त्यात आरामात बसते, फक्त बाळाने तारीख पाळली पाहिजे. बाळ तीन आठवडे उशिरा आले तर ते आपल्या दिवसांतून वजा होतात. बाळाकडून भरपाईची तरतूद नाही.

ऑस्ट्रेलियाचा प्रश्न सर्वांत खोचक आहे. पाहुण्याच्या व्हिसावर ‘काम नाही’ अशी ८१०१ क्रमांकाची अट असते. बिनपगारी सेवा चालते, पण ती सहज, जाता जाता केलेली हवी, आणि एरवी ज्यासाठी स्थानिक माणसाला पगार दिला गेला असता असे काम नको. इथे बाबांचा धोका संभवतो. मुलाखत असो, विमानतळ असो, बाबा मोठ्या अभिमानाने म्हणतात, ‘ही गेली की डेकेअरचे पैसे वाचतात.’ जगातल्या सगळ्या इमिग्रेशन कायद्यांना ज्याची भीती वाटते, ते सगळे या एका वाक्यात आहे. बाबांना घरी रंगीत तालीम द्यावी. तरीही बोलले, तर सोबत नेऊ नये.

अमेरिकेचे प्रकरण मोठे आहे, कारण आपल्या भागातली निम्मी नातवंडे तिथेच होतात, असा आमचा वाण्याच्या दुकानातल्या गप्पांवर आधारलेला अंदाज आहे. अर्ज डीएस-१६० नावाचा, फी १८५ डॉलर. पूर्वी ७९ च्या वरच्या वडीलधाऱ्यांना मुलाखतीतून सूट होती. २ सप्टेंबर २०२५ पासून तीही गेली. आता ऐंशीच्या आजींनीही दुर्गहून गीतांजली पकडून मुंबई गाठायची आणि कलम २१४(बी) समोर उभे राहायचे. या कलमानुसार उलट सिद्ध होईपर्यंत प्रत्येक अर्जदार तिकडे कायमचा राहायलाच निघाला आहे असे धरले जाते. कुम्हारीत दोन मजली घर, पेन्शन, तुळस आणि भाडेकरूशी चाललेले भांडण असलेली बाई न्यू जर्सीच्या एका बेडरूममध्ये कायमची राहणार नाही, हे सिद्ध करायची वेळ येते. भाडेकरूचा मुद्दा आमच्या मते सर्वांत भक्कम आहे. असे भांडण अर्धवट टाकून कोणी देश सोडत नाही.

मुंबईत मुलाखत मराठीतूनही देता येते. ‘नातवाले पाहाले जाऊन राहिली’ हे उत्तर भाषेच्या दृष्टीने बिनचूक आहे. दुभाष्याला समजले नाही तर तो त्याचा प्रश्न. पण मजकूर जपून निवडावा. लेकीकडे जाते आहे, बाळ होणार आहे, सोबत राहीन, अमुक महिन्यात परत येईन : एवढे खरे आहे आणि एवढे पुरे आहे. आपली अडचण अशी की चाळीस वर्षांत कोणी विचारले नव्हते, आता साहेब विचारतो आहे, मग सगळे सांगावेसे वाटते. पहाटे पाचला उठते, बाळाला मालिश, धुरी, बाळंतिणीला अळिवाची खीर, दुपारी सगळ्यांचा स्वयंपाक, जावयाला वेगळी भाजी. हे पदवीदान नव्हे. उलट टोकाला जाऊन ‘मी फक्त डिस्नेलँड बघणार’ असेही ठोकून देऊ नये. खोटे पकडले गेले तर अमेरिका कायमची बंद होऊ शकते आणि ब्रिटन दहा वर्षे. शिवाय डिस्नेलँड कुठे आहे हे त्याने विचारले तर?

खरी साक्ष सामान देते. तोंडाने ‘फिरायला’ म्हणणाऱ्या बाईच्या बॅगेत डिंकाचे लाडू, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सहाण आणि दुपटी निघतात. कस्टम्सच्या फॉर्मवर खाण्याचे पदार्थ आणि बिया लिहायच्याच असतात. ऑस्ट्रेलियात तर विशेष. अळीव हे बी आहे. ठेठरी-खुरमी हे बी नाही, पण ते काय आहे हे सिडनीच्या विमानतळावर समजावून सांगण्यात कनेक्टिंग फ्लाइट जाऊ शकते.

आता सेवाभाव. तिकडे पोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात आजीला मंडळवाले गाठतात. अमेरिकेत गावोगावी महाराष्ट्र मंडळे आहेत, त्यांचे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे. लंडनचे मंडळ तर १९३२ चे. सगळ्यांना गणपतीत उकडीचे मोदक वळणारे हात हवे असतात. ब्रिटनमध्ये पाहुण्याला नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एकूण ३० दिवसांपर्यंत सेवा करता येते. गणपती दहा दिवसांचे, उरलेल्या वीस दिवसांत नवरात्राचीही सोय होते. अमेरिकेत मान्यताप्राप्त धार्मिक किंवा धर्मादाय संस्थेच्या सेवा-कार्यक्रमासाठी जाणाऱ्याला बी-१ व्हिसा मिळू शकतो. पगार नाही, किरकोळ खर्चापुरता भत्ता चालतो, आणि संस्थेने नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, कुठे राहणार, किती दिवस हे लिहून द्यायचे. एक अट मात्र मोदकांच्या मुळावर येते : या सेवेत वस्तू विकणे आणि देणग्या गोळा करणे बसत नाही. म्हणजे आजीने वळलेला मोदक बाप्पापुढे ठेवला तर सेवा, आणि तोच मोदक मंडपाबाहेरच्या स्टॉलवर मंडळाच्या इमारत निधीसाठी डॉलरला विकला तर भानगड. एकवीस मोदकांतले कोणते कुठे गेले याची नोंद ठेवायला बाबांना बसवावे. त्यांना तेवढेच काम. म्हणजे, काम नव्हे.

तबला वाजवणाऱ्या काकांसाठी वेगळी सूचना. हौशी कलाकाराला अमेरिकेच्या बी-२ व्हिसावर बिनमानधन कार्यक्रमात भाग घेता येतो. पण हौशी कोण? जो एरवीही पैसे घेत नाही तो. मायदेशी वाजवण्याचे पैसे घेणारा माणूस ‘तिकडे फुकट वाजवतो’ म्हणाला तरी हौशी ठरत नाही, मग त्या पैशांवर त्याचे घर चालत नसले तरी. इथे आमच्या भजनी मंडळात चिंता पसरली आहे. हरतालिकेला, गणपतीला, कोणाच्या वास्तुशांतीला जे पाकीट सरकवले जाते ते मानधन की प्रसाद? पाकिटात पाचशेची नोट असते हे सर्वांना माहीत आहे, पण उघडून कोणी पाहत नाही, निदान यजमानासमोर. आमचे मत असे की परदेशी जाण्याआधी एक-दोन वर्षे काकांनी पाकीट परत करत जावे. हे मत काकूंना मान्य नाही.

हा सगळा बारकावा थट्टेचा वाटत असेल तर एक घटना ऐका. २०२५ च्या फेब्रुवारीत वेल्समधली एक तरुण मुलगी पाठीवर सॅक टाकून अमेरिका फिरत होती. जिथे उतरायची त्या घरी राहण्या-जेवणाच्या बदल्यात घरकामाला हात लावायची. कॅनडाच्या सीमेवर तिने तेच सरळ सांगितले. कॅनडाने हे काम झाले म्हणून आत घेतले नाही, परत आली तर अमेरिकेनेही तेच म्हणून कोंडले, आणि ती जवळपास तीन आठवडे बेड्या-कोठडीच्या फेऱ्यात अडकली. पैसा एक घेतला नव्हता. राहायला खोली आणि दोन वेळचे जेवण हाच मोबदला धरला गेला. आता आपल्या सगळ्या आज्या नक्की कशाच्या बदल्यात काय करतात, याचा हिशोब कोणी मांडायला बसू नये, म्हणून मी हा परिच्छेद इथेच थांबवतो.

तारखेचे भान मात्र ठेवावे. अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे म्हणून दहा वर्षे राहता येत नाही. विमानतळावर दिलेली तारीख, आय-९४ वरची, तीच खरी, आणि ती बहुधा सहा महिन्यांची असते. मुलगा म्हणेल, ‘अजून थोडे थांब, एक्स्टेन्शन टाकू.’ ऑस्ट्रेलियाच्या व्हिसावर मुक्काम न वाढवण्याची ८५०३ क्रमांकाची अट असेल तर तेही नाही. आजींना मनातून ही अट आवडते. मुलाला ‘नाही’ म्हणायला कायद्याचा आधार मिळतो.

शेवटचा भाग उलट प्रवासाचा. नातू मोठा होतो, परक्या पासपोर्टवर मे महिन्यात कुम्हारीला येतो. ओसीआय कार्ड असेल तर प्रश्न नाही. ई-टुरिस्ट व्हिसावर आला असेल तर भारत सरकारही काही कमी नाही : स्वयंसेवा चालते, पण जास्तीत जास्त एक महिना, आणि मोबदला कोणत्याही स्वरूपात नको. म्हणजे गच्चीवर गव्हाच्या चिकाच्या कुरडया घालताना त्याला कावळे हाकायला बसवले तर ठीक. त्याबद्दल आइसक्रीम दिले की गडबड. शिवाय परदेशी पाहुणा घरी उतरल्याची माहिती यजमानाने चोवीस तासांत ऑनलाइन कळवायची असते. हा फॉर्म बाबांनी भरावा, चष्मा लावून, आणि ‘भेटीचा उद्देश’ या रकान्यात कुरडया लिहू नये.