सर, एरर येतोय

भाईंदर पश्चिमेला स्टेशनबाहेर उत्तनची बस पकडली की आधी मुर्धा, मग राई आणि त्यानंतर मोरवा. मिठागरं, खाजणं, आगरी वस्तीची जुनी घरं आणि त्यांच्या डोक्यावर चढलेले नवे मजले. या मजल्यांवर हल्ली बीएस्सी आयटी, कॉम्प्युटर सायन्स किंवा डिप्लोमा करणारं एखादं तरी पोर सापडतं. दिवसभर कॉलेज, परतीची गर्दी, जेवण, थोडं रील आणि मग रात्री अकराच्या सुमाराला त्या मजल्यावरून एक संदेश निघतो: ‘सर एरर येतोय प्लीज हेल्प अर्जंट’.

या संदेशात कोड नसतो आणि एररही नसतो. खाली फोटो असतो. लॅपटॉपच्या पडद्याचा, मोबाइलनं, किंचित तिरका काढलेला. त्यावर इंद्रधनुषी पट्टे, मधोमध ट्यूबलाइटचं प्रतिबिंब, कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा. कोडाच्या पहिल्या बारा ओळी स्पष्ट दिसतात, कारण त्या बरोबर असतात. एररची खिडकी पडद्याच्या तळाशी उघडते आणि फोटो नेमका तिच्या वर संपतो. दोन मिनिटांनी दुसरा संदेश येतो, ‘??’. आणखी एका मिनिटानं तिसरा, ‘सर’.

पलीकडचे सर, दादा किंवा ताई जागे असले आणि त्यांनी ‘कुठला एरर?’ असं विचारलं, तर उत्तर येतं, ‘लाल वाला’.

हसण्याआधी त्या लाल ओळीकडे एकदा बघायला हवं. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या पोराला यंत्र इंग्रजीतून सांगतं, ‘एल-व्हॅल्यू रिक्वायर्ड’. म्हणजे बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे किंमत ठेवायला जागा हवी होती, ती तिथे दिसत नाही. एवढं कळायला कंपायलर कसा विचार करतो ते आधी कळावं लागतं, आणि ते कळत असतं तर पोरगं अकरा वाजता संदेश कशाला पाठवेल? सेमीकोलनची तर आणखी मजा. सहाव्या ओळीच्या शेवटी तो राहिला, तर कंपायलर वाचत पुढे जातो, सातव्या ओळीवर अडखळतो आणि बरेचदा बोट तिथेच ठेवतो. विद्यार्थी मग सातवी ओळ पुसून तीच पुन्हा लिहितो, तीन वेळा, निरनिराळ्या वेगानं.

याहून वाईट म्हणजे जिथे यंत्र काहीच बोलत नाही. ‘फॉर’ची ओळ लिहिली, एक ते दहा असा फेरा लावला आणि सवयीनं कंसानंतर लगेच सेमीकोलन ठोकला. आता फेरा इमानेइतबारे दहा वेळा फिरतो आणि दहाही वेळा काही करत नाही. खालची छापायची ओळ त्यानंतर एकदाच चालते आणि पडद्यावर येतो ११. एरर शून्य. अशा वेळी ‘सर एरर येत नाहीये’ असा संदेश पाठवायची पद्धत अजून रूढ झालेली नाही.

या सगळ्याची रंगभूमी म्हणजे टर्बो सी. बोर्लंड कंपनीनं ते १९८७ साली बाजारात आणलं. जगानं त्याला केव्हाच निरोप दिला, पण आपल्याकडच्या कित्येक प्रयोगशाळांत डॉसबॉक्स नावाचा अतिदक्षता विभाग उघडून त्याला जिवंत ठेवलेलं आहे. त्या निळ्या पडद्यावरची पहिली तक्रार ठरलेली: ‘आउटपुट येत नाही.’ आउटपुट आलेलं असतं. पापणी लवायच्या आत ते दाखवून प्रोग्राम संपतो आणि पडदा पुन्हा कोडावर येतो. मग सीनियर कानात मंत्र सांगतो, शेवटी ‘गेटसीएच’ लिही. ती आज्ञा फक्त कुणी कळ दाबायची वाट बघत थांबते, म्हणून पडदाही थांबतो. मागच्या वेळचं आउटपुट तसंच राहतं म्हणून सुरुवातीला ‘सीएलआरएससीआर’. का, ते सीनियरला त्याच्या सीनियरनं सांगितलेलं नसतं. हे दोन्ही मंत्र ‘कोनियो डॉट एच’ या पोथीतले. पुढे नोकरीच्या मुलाखतीत लिनक्सवर बसवलं की पहिल्याच ओळीला यंत्र सांगतं, अशी पोथी आमच्याकडे नाही. तीन वर्षांची विद्या तिथे एका ओळीत संपते.

नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ घराघरांत आहे. मूळ प्रत नसली तर झेरॉक्स, झेरॉक्स नसली तर पीडीएफ. त्यात प्रकरणांच्या शेवटी चुका असलेले छोटे प्रोग्राम देऊन चूक शोधायला सांगितलेलं असतं. पुस्तकातला सगळ्यात कामाचा भाग हाच, आणि विद्यार्थी तोच सोडतात. कारण सोपं आहे, तो जर्नलात येत नाही.

जर्नल हा आपल्या संगणक शिक्षणाचा खरा अभ्यासक्रम. डाव्या कोऱ्या पानावर आउटपुट, उजव्या आखीव पानावर एम, थिअरी, कोड आणि कन्क्लुजन. कन्क्लुजन नेहमी एकच: अमुक प्रोग्रामचा आम्ही यशस्वीपणे अभ्यास केला. प्रोग्राम चालला असो वा नसो, अभ्यास यशस्वी होतोच. फॅक्टोरियलचं उदाहरण घ्या. टर्बो सीमधला साधा पूर्णांक १६ बिटांचा, त्यात ३२,७६७ च्या पुढचा आकडा मावत नाही. सातचं फॅक्टोरियल ५,०४० येतं, इथवर सगळे खूश. आठचं यायला हवं ४०,३२०, पडद्यावर मात्र उमटतं उणे २५,२१६. धन आकड्यांना धन आकड्यांनी गुणत गेल्यावर उत्तर उणे कसं आलं, हा पहिल्या वर्षाच्या मुलाला पडू शकणारा फार सुंदर प्रश्न आहे. आकडा यंत्रात कसा साठवतात, हे सगळं त्या एका उण्यात दडलेलं आहे. म्हणूनच जर्नलात फॅक्टोरियल पाचाचं काढायची प्रथा असावी. उत्तर १२०, सही, पुढचं पान.

जर्नल अमेरिकेतही ठेवत असत. हार्वर्डमधल्या मार्क टू या संगणकाच्या नोंदवहीत ९ सप्टेंबर १९४७ ची एक नोंद आहे. दुपारी पावणेचारच्या सुमाराला पॅनेल एफ, रिले क्रमांक ७० मध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तिथल्या मंडळींनी तो चिकटपट्टीनं वहीत चिकटवला आणि खाली लिहिलं, ‘बग, म्हणजे किडा, सापडल्याचं पहिलं खरंखुरं प्रकरण’. ग्रेस हॉपर बाईंनी ही हकीकत पुढे जगभर सांगितली आणि ती वही, पतंगासकट, आज स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. आपल्याकडे हाच पतंग जर्नलात चिकटवला असता तर मॅडमनी ‘हे काय घाण?’ म्हणून पान फाडायला लावलं असतं आणि कन्क्लुजन पुन्हा लिहून आणायला सांगितलं असतं.

आता याच मोरव्याच्या याच घरातल्या आजोबांकडे बघा. त्यांनी आयुष्यात संगणकाला हात लावलेला नाही. पण सातबारा संगणकावर चढला आणि त्यात वडिलांच्या नावातला काना गेला किंवा क्षेत्र चार आर कमी पडलं, तर आजोबा तलाठ्याला ‘साहेब, एरर येतोय’ असं सांगत नाहीत. ते जुना हस्तलिखित सातबारा नेतात, नवा संगणकीकृत नेतात, फेरफाराचा क्रमांक सांगतात, दोन्ही कागद शेजारी ठेवतात आणि नेमक्या जागी बोट ठेवतात: इथे हे होतं, इथे हे झालं, आमचं मूळ हे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १५५ आहे ते याचसाठी. अधिकार अभिलेखातले लेखनप्रमाद दुरुस्त करण्याचं कलम. काय अपेक्षित होतं, काय मिळालं आणि फरक कुठून सुरू झाला, या तीन गोष्टी सांगितल्याशिवाय तिथे अर्ज पुढे सरकत नाही. जगातला कुठलाही प्रोग्रामर मदत मागणाऱ्याकडून याहून जास्त काही मागत नाही. २०१७ साली राज्यभर गावोगावी चावडीवाचन झालं. संगणकीकृत सातबारे मोठ्यांदा वाचायचे आणि ज्याला चूक दिसेल त्यानं हात वर करायचा. बंगळुरूच्या कंपन्यांत यालाच कोड रिव्ह्यू म्हणतात आणि त्याचा वेगळा पगार देतात.

राई, मुर्धा, मोरवा या गावांना तर तक्रार धसास लावायचा ताजा सराव आहे. मेट्रो ९ ची कारशेड आधी इथेच येणार होती. गावकऱ्यांनी हरकती घेतल्या, विरोध केला, आणि कारशेड डोंगरीला न्यायचं ठरलं. तिथे लगेच झाडांचा प्रश्न उभा राहिला, पण एक चूक सुधारताना दुसरी तयार होणं हे तर प्रोग्रामिंगच्या धंद्याचं आद्य लक्षण. मुद्दा असा की, घरात पिढ्यांचं ज्ञान पडून आहे आणि नातू वरच्या मजल्यावर तिरका फोटो काढतो आहे.

मदत करणाऱ्यांबद्दलही बरं बोलण्यासारखं फार नाही. त्यांच्या तीन जाती. पहिली म्हणते, ‘एवढं येत नाही तर आयटी घेतलं कशाला?’ हे बोलून त्यांना झोप चांगली लागते. दुसरी जात दयाळू. ‘थांब भावा, पाठवतो’, आणि अख्खा कोड येतो. तो बरोबर असतो, फक्त त्यातल्या कॉमेंटमध्ये दुसऱ्याच कुणाचा रोल नंबर राहून गेलेला असतो. तिसरी जात नोव्हेंबर २०२२ च्या शेवटी अवतरली. चॅटजीपीटी आणि त्याची भावंडं रात्री अकरालाही ‘चांगला प्रश्न विचारलात’ म्हणतात. उभ्या शालेय जीवनात ज्याला हे वाक्य कुणी ऐकवलं नाही, तो पोरगा त्याच्या प्रेमात पडला तर त्याचा काय दोष?

खरी गंमत म्हणजे बरी मदत अगदी जवळ आहे. लोकल आणि बसनं गाठता येईल अशा पवईत. आयआयटी मुंबईचे अभिराम रानडे यांनी नवशिक्यांसाठी ‘सिंपलसीपीपी’ नावाची एक सोय तयार केली. त्यात पहिल्याच धड्यात पडद्यावर एक कासव येतं. पुढे जा, उजवीकडे वळ, हे चार वेळा कर, की चौकोन तयार. वळण चुकलं तर कासव भलतीकडे जाताना डोळ्यांना दिसतं. चूक वाचायला इंग्रजी लागत नाही. त्याच संस्थेत कण्णन मौद्गल्य यांनी सुरू केलेल्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात सी, पायथन वगैरेंचे साधारण दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, मराठी आवाजातलेसुद्धा. तिथे शंका विचारायची तर कुठला पाठ, कितवं मिनिट, कितवा सेकंद हे निवडावं लागतं. म्हणजे ‘काहीच कळलं नाही’ असं म्हणायची सोयच ठेवलेली नाही, आणि आपल्या पोरांना ती फार लागते. त्याउलट बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये वर्षानुवर्षं इंटेलचा ८०८५ शिकवला गेला, १९७६ सालचा मायक्रोप्रोसेसर. त्याचे ऑपकोड पाठ करून आलेली पोरं पदवीला येतात तेव्हा एक गोष्ट मात्र पक्की शिकलेली असतात: कळलं नाही तरी पाठ होतं.

‘द प्रॅग्मॅटिक प्रोग्रामर’ या १९९९ च्या पुस्तकात एक इलाज सांगितलेला आहे. टेबलावर रबराचं बदक ठेवा आणि त्याला आपला कोड ओळीओळीनं समजावून सांगा. सांगता सांगता चूक आपली आपल्यालाच सापडते. मोरव्यात रबरी बदकाची अडचण पडू नये. मिठागरात बगळे आहेत, आणि घरात आजी. आजी मध्येच ‘मग हा एन कुठून आला?’ असं विचारते, त्यामुळे ती बदकापेक्षा सरस. पण आजीला समजावायचं तर आधी आपल्याला ओळ वाचावी लागते आणि सबमिशन उद्या सकाळी आठला असतं.

तेव्हा काम शेवटी बॉटवरच येतं. तो फॅक्टोरियलचा प्रोग्राम लिहून देतो, तोही नटवून: रिकर्शन, आकडा ऋण आला तर वेगळी सूचना, मोठ्या उत्तरांसाठी मोठा डेटा टाइप, प्रत्येक ओळीला इंग्रजी कॉमेंट. मुलगा तो जर्नलात उतरवतो, डाव्या पानावर आउटपुट १२० लिहितो आणि प्रॅक्टिकलला जाऊन बसतो. एक्सटर्नल पान उलटतात, एका ‘इफ’वर पेन टेकवतात आणि विचारतात, ‘ही ओळ कशासाठी?’

‘सर, ती पाहिजेच.’

‘पण एनची किंमत ऋण दिली तर काय होईल?’

मुलगा थोडा विचार करतो. ‘सर, आम्ही पाच देतो.’

एक्सटर्नल सही करतात. बाहेर अजून अख्खी बॅच उभी असते.