सरळ नाकाची वाकडी वाट

पुण्यानं जगाला नाक दिलं, ही गोष्ट पुणेकर उठता-बसता ऐकवत नाहीत, हे आश्चर्यच. इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा बैलगाडीवान टिपूच्या सैनिकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभर बिचारा बिननाकाचा वावरला. मग पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्या कारागिरानं त्याला नवं नाक करून दिलं. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या आकाराचा करायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, भोवती रेघ मारायची आणि तेवढं कातडं सोडवून खाली वळवायचं. भुवयांमधला सांधा मात्र तुटू द्यायचा नाही. ही हकिकत १७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली. त्या पद्धतीनं जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४ मध्ये लंडनमध्ये नाक बसवलं.

कावसजीची अपेक्षा माफक होती. नाक असावं, बस्स.

आजच्या गिऱ्हाइकाला नाक असतं. चांगलं धडधाकट, आजोबांवर गेलेलं. तक्रार एवढीच, की सेल्फीत ते आजोबांसकट येतं. खरं तर यात नाकाचा दोष कमी, हाताच्या लांबीचा जास्त. अमेरिकी संशोधकांनी २०१८ मध्ये गणित मांडून दाखवलं, की पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा बारा इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. कॅमेऱ्याजवळ जे येईल ते मोठं दिसणार, आणि नाकाला तर पुढे पुढे करायची जन्मजात खोड. उपाय बिनखर्चाचा आहे. फोन दुसऱ्याच्या हाती देऊन दोन पावलं मागे सरकायचं. पण तो दुसरा एक तर डोकं कापतो, नाहीतर फोटो काढायचा सोडून गॅलरी बघत बसतो. त्यापेक्षा सर्जन परवडला, असं पुष्कळांना वाटतं.

त्यात २०१५ मध्ये स्नॅपचॅटनं ‘लेन्स’ आणल्या. पुढे कुत्र्याचे कान आणि लोंबती जीभ लावून सगळं जग फोटो काढू लागलं. कान गमतीचे होते. पण असल्या फिल्टरांबरोबर कातडी नितळ आणि चेहरा निमुळता होऊन यायचा, आणि कान काढले तरी तो चेहरा मनातून जाईना. पूर्वी लोक सर्जनकडे सिनेनटीचा फोटो घेऊन जात. आता स्वतःचाच नेतात, फिल्टर लावलेला. लंडनचे डॉ. टिजियन एशो यांनी या दुखण्याला ‘स्नॅपचॅट डिसमॉर्फिया’ म्हटलं. अमेरिकेतल्या चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेनं २०१७ मध्ये पाहणी केली. सेल्फीत बरं दिसायचंय म्हणून येणारे लोक आपल्याकडे येतात, असं ५५ टक्के सर्जनांनी सांगितलं; त्याआधी हाच आकडा ४२ होता. पण आपल्या चेहऱ्यात खोट आहे या विचारानं ज्याला खरोखर पछाडलंय, त्याचं समाधान सुरीनं सहसा होत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं, असं डॉक्टरच सांगतात.

मराठी घरात खोट दाखवायची सोय फोनच्या कितीतरी आधीपासून आहे. तिला आत्या म्हणतात. “रंग जरा उतरलाय गं,” “नाक मात्र बापाचं घेतलंन हो!” अशाच शेऱ्यांवर १९७५ ची ‘फेअर अँड लव्हली’ पोसली गेली, २०२० मध्ये तिनं ‘फेअर’ टाकून ‘ग्लो’ घेतलं. फरक इतकाच, की आत्या दिवाळीला किंवा लग्नकार्यात भेटायची. फोन उशाशी असतो.

लग्नसराईत तर दवाखान्यांची ‘ब्रायडल पॅकेजं’ निघतात. बोटॉक्स म्हणजे मुळात एक जहाल विष. चिमूटभराहूनही कितीतरी कमी टोचलं की कपाळाचे स्नायू सैलावतात आणि आठ्या गायब. अंमल साधारण तीन-चार महिने. तेवढ्यात कार्यालय मिळालं नाही आणि मुहूर्त पुढे गेला, की वऱ्हाडाच्या आधी आठ्या हजर!

नॉर्वेत जुलै २०२२ पासून जाहिरातीतल्या माणसाचं अंग किंवा कातडी फोटोत बदलली असेल, तर तसा शिक्का मारावा लागतो. आपल्या विवाहमंडळांनी हा नियम लावला तर शाईच पुरायची नाही. तूर्त ते काम मावशी बघतात. पोहे संपवतात, मुलीकडे बघतात, मोबाईलकडे बघतात आणि गोड आवाजात विचारतात, “पाठवला होतात तो फोटो धाकटीचा का हो?”

“छे हो,” मुलीची आई सांगते, “नव्या फोनचा.”