सवलतबाई, जरा छताकडेही बघा

माननीय सौ. सवलतबाई यांस,


गेल्या मे महिन्यात तुमचा दूत नागपुरातल्या एका दुमजली घरी येऊन गेला. सोलरवाला पोरगा. पत्रक उघडून त्याने वाचून दाखवले: पीएम सूर्यघर, तीन किलोवॉट, 78,000 रुपये अनुदान. घरच्या काकूंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "अन् हा स्लॅब तापते, त्याच्यावर थर टाकाले काही भेटते का?"

पोराने पत्रक उलटेपालटे केले. "आपल्या लिस्टीत तो प्रकारच नाही न, काकू."

धन्य आहे बाई तुमची! ऊन आधी घरात घ्यायचे, मग त्याच उन्हाची वीज करून त्याला हाकलायचे. सप्टेंबर 2025 मध्ये एसीवरचा जीएसटीसुद्धा 28 वरून 18 टक्क्यांवर आला. पॅनेलच्या सावलीत थोडे छत निवते, तेवढे पुण्य तुमच्या खाती. बाकी स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री अकराला गादीवर ओकतो. पंखा तीच झळ खाली ढकलत बसतो.

नियम नाही म्हणावे, तर तोही आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या 2018 च्या 'इको निवास संहिते'त छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे: आतबाहेर एका अंशाचा फरक असेल, तर चौरस मीटरमागे 1.2 वॉट. उघडा काँक्रीटचा स्लॅब याच्या दुपटीहून अधिक सोडतो. उपाय गवंड्याला ठाऊक आहे: फोमच्या पाट्या, वर कोबा, त्यावर पांढरा चायना मोझॅक. शेजारच्या तेलंगणाने तर 2023 मध्येच थंड छतांचे धोरण आणले.

आणि ज्यांच्या डोक्यावर स्लॅबही नाही, नुसते टिन आहे? त्यांना ना सोलर परवडते ना एसी. तिथे लेकरे भाजतात, बाई! त्या टिनावर मारायच्या पांढऱ्या रंगाला तरी पैसे द्या.

तसा तुमचाही नाइलाज दिसतो. पॅनेलला मीटर असतो, आकडा दिल्लीला कळवता येतो, फोटो निघतो. घरात न शिरलेल्या उन्हाचा फोटो कुठून काढणार?

तरी पुढचा मार्च लागायच्या आत अर्जात एक रकाना वाढवा: छत.

कळावे.