खिडकीतील जमाबंदी

महसूल खात्याच्या दप्तरात जिरायत, बागाईत, भातशेती आणि वरकस असे जमिनीचे जे प्रकार नमूद केलेले असतात, त्यांत एका प्रकाराची नोंद करावयाची राहून गेली आहे, असे माझे नम्र मत आहे. आणि तो प्रकार म्हणजे खिडकी. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी नांगराला हात लावलेला नाही, ज्याच्या नावावर हातभर जमीन नाही, भुईमुगाच्या शेंगा फांदीला लागतात की मातीत धरतात हे ज्याने पेन्शनीत निघाल्यावर चौकशी करून घेतले, असा एखादा सद्गृहस्थ दसरा उलटताच खिडकीच्या कट्ट्यावर डालडाचे रिकामे डबे मांडून त्यांत बी पेरू लागला, म्हणजे खुशाल समजावे की त्या पेठेत थंडीची चाहूल लागली. पावसाळ्यात हा प्राणी दृष्टीस पडत नाही. त्या दिवसांत कौलांवर, भिंतींच्या भेगांत, एवढेच नव्हे तर अंगणात विसरलेल्या चपलेतही काही ना काही उगवते, आणि जे आपोआप उगवते त्यात त्याला कसलीच गोडी नसते. मृग बरसून गेला, हस्त ओसरला, आश्विनातले ऊन तापून निवले आणि सृष्टीने उगवण्याचा आपला कारभार आटोपता घेतला, की हा आपला सुरू करतो.

आमच्या वाड्यातील या वर्गाचे प्रतिनिधी म्हणजे रावसाहेब. वस्तुतः ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. मामलेदाराची खुर्ची त्यांच्यापासून एका पायरीवर राहिली, आणि जो मान सरकारने दिला नाही तो वाड्याने बिनखर्चात देऊन टाकला. पस्तीस वर्षे त्यांनी इतरांच्या जमिनी लिहिल्या. फेरफार, वाटण्या, बोजे, बक्षीसपत्रे यांच्या रूपाने लक्षावधी एकर जमीन त्यांच्या लेखणीखालून गेली. पण तिचा एक कणही त्यांच्या नखात अडकला नाही, ही गोष्ट त्यांच्या सचोटीस जितकी भूषणावह, तितकीच त्यांच्या शेतीज्ञानास बाधक ठरली. १९५७ सालच्या १ एप्रिल रोजी आपल्यावर दोन आघात एकदम झाले, असे ते सांगतात: १९४८ च्या कूळ कायद्यान्वये कसणारी कुळे त्या दिवशी कायद्याच्या दृष्टीने जमिनीची खरेदीदार ठरली, आणि नेमक्या त्याच दिवशी सरकारने आणे-पैच्या जागी नवे पैसे आणले. “मास्तर,” ते मला म्हणतात, “मालक आणि आणा, दोघेही एकाच तारखेस बडतर्फ!” त्यानंतर थोड्याच महिन्यांत ते पेन्शनीत निघाले, आणि आजवर कागदावर पाहिलेली जमीन एकदा तरी प्रत्यक्ष बोटांनी उकरून पाहावी, अशी इच्छा त्यांच्या मनात उद्भवली.

जुन्या वाड्यांच्या भिंती जाड असतात, त्यामुळे खिडकीत माणसाने मांडी घालून बसावे एवढा ऐसपैस कट्टा आपसूक मिळतो. रावसाहेबांच्या दक्षिणेकडील जोडखिडकीचा कट्टा साडेपाच फूट लांब आणि एक फूट रुंद आहे, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मोजणीच्या वेळी फितीचे दुसरे टोक धरून पंच या नात्याने मी हजर होतो. तेहतीस फुटांची साखळी, साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, गुंठ्याचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा, असा हिशेब करीत ते पुटपुटत राहिले आणि शेवटी त्यांचा चेहरा उतरला. कारण एकूण क्षेत्र गुंठ्याच्या एकशे अठ्ठ्याण्णवाव्या हिश्शाइतके, म्हणजे एक पैही पुरती भरेना. तथापि क्षेत्र अल्प आहे एवढ्या कारणास्तव दप्तर अल्प ठेवावे, हे त्यांच्या संस्कारांत बसणारे नव्हते. एका कोऱ्या वहीला उभ्या रेघा मारून तिचा सातबारा झाला. बारा डब्यांना सर्व्हे नंबर पडले. दोन डब्यांमधील बोटभर अंतर ‘वहिवाटीचा रस्ता’ म्हणून राखून ठेवण्यात आले. आणि एकाच डब्यात फ्लॉक्स आणि अ‍ॅस्टर असे दोन्ही पेरावे, ही माझी सूचना १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याकडे बोट दाखवून नामंजूर झाली.

मातीचे प्रकरण रावसाहेबांच्या पत्नीच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, स्वयंपाकघरापर्यंत गेले. एक हिस्सा पोयट्याची माती, एक हिस्सा जुने शेणखत आणि एक हिस्सा वाळू हे मिश्रण बारीक चाळून घ्यावे, असे पुस्तकात छापलेले होते. चाळण कुणाची घ्यावी हे छापलेले नव्हते. रव्याची चाळण दोन दिवस बेपत्ता होती, आणि ती परत आली तेव्हा तिच्यात रवा चाळण्याची हिंमत घरात कुणाला उरली नव्हती. काकूंनी एक अक्षर न बोलता नवी चाळण आणली आणि जुनी खिळ्याला टांगून तिच्याखाली लिहिले, “ही सरकारजमा.”

सर्व्हे नंबर सातमध्ये पेट्युनिया पेरावयाचा होता. हे बी इतके सूक्ष्म असते की एका गुंजेच्या भारात त्याचे हजाराच्या आसपास दाणे सहज मावतात, आणि तपकिरी भुकटीसारखे दिसत असल्यामुळे ते बोटाच्या चिमटीत आले काय अन् निसटले काय, समजत नाही. म्हणून ते बारीक वाळूत मिसळून पेरावे लागते; शिवाय त्याला रुजावयास उजेड लागत असल्याने वरून माती लोटावयाची नसते. रावसाहेबांना तपकिरीचे व्यसन आहे, ही गोष्ट येथे नमूद करणे मला कर्तव्य वाटते. पुडी उघडी, डबी उघडी, दोन्हींतील ऐवज दिसावयास एकसारखा आणि कुळीनेही एकच, कारण पेट्युनिया आणि तंबाखू ही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने भावंडे. अशा परिस्थितीत त्या दुपारी कोणती चिमूट कोठे गेली याची रुजवात आजतागायत झालेली नाही. एवढे खरे, की त्या दिवशी त्यांना नेहमीसारखी शिंक आली नाही. पेट्युनिया हा वांगी, बटाटे, मिरच्या यांचाही भाऊबंद आहे, असे मी सहज बोलून गेलो, तेव्हा काकूंनी आतून विचारले, “मग त्याची भाजी का होत नाही?” या प्रश्नाला वनस्पतिशास्त्रापाशी उत्तर असेल, पण त्या वेळी आम्हा दोघांपाशी ते नव्हते.

वास्तविक खिडकी-बागाइतीचा खरा वारसा काकूंकडेच होता, हे रावसाहेबांच्या ध्यानात यावयास हवे होते. दरवर्षी घटस्थापनेला त्या पत्रावळीवर काळी माती पसरतात, तीत गहू आणि साळी पेरतात, मधोमध कलश ठेवतात, आणि देवघराच्या काळोख्या कोपऱ्यात नवव्या दिवशी वीतभर उंच, पिवळसर, लवलवते पीक उभे राहते. त्याला ना नोंदवही, ना पुस्तक. मी याकडे अंगुलिनिर्देश केला, तेव्हा रावसाहेब किंचित तुच्छतेने म्हणाले, “मास्तर, ते पीक नव्हे. तो कुळाचार.” या शब्दातील पहिली दोन अक्षरे पुढे त्यांना कशी भोवणार आहेत, याची त्या क्षणी त्यांना कल्पना नव्हती.

दक्षिणेच्या खिडकीवरून प्रथम थोडा वाद झाला. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडे तोंड करून काही शुभ मांडू नये, असे वाड्यातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे पडले. रावसाहेबांनी त्यांना समजावले की, दक्षिणायनात खुद्द सूर्यनारायणाची बदली दक्षिणेकडे होते. डिसेंबरात भर माध्यान्हीसुद्धा तो पुण्याच्या आकाशात निम्म्याच्या थोडा वर चढून थांबतो, आणि म्हणूनच उन्हाळ्यात ज्या खिडकीत त्याचे पाऊल पडत नाही तीत हिवाळ्यात तो थेट घडवंचीपर्यंत आत येतो. हे सारे यथार्थ होते. फक्त एक मुद्दा त्यांच्या नजरेतून निसटला: खिडकीतील रोपाला उजेड एकाच बाजूने मिळतो, आणि ते त्या बाजूला मान लांबवून वाढते. आठव्या दिवशी अंकुर दिसले. पंधराव्या दिवशी ते सगळेच्या सगळे, कचेरीच्या दारात मामलेदारांची वाट पाहणाऱ्या अर्जदारांप्रमाणे, एकाच दिशेस वाकून उभे होते.

चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या साहाय्याने गवताच्या कोंबांच्या शेंड्यांवर अपारदर्शक टोप्या घालून पाहिल्या, आणि टोपी असेतोवर कोंब उजेडाकडे वळत नाही, हा अनुभव १८८० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवला, ही हकीकत मी रावसाहेबांना मोठ्या उत्साहाने सांगितली. ते शांतपणे म्हणाले, “डोक्यावर पगडी असली की उजेड पडत नाही, हे पाहायला इतक्या लांब जायचे काय कारण? सदाशिव पेठेत यायचे!” तथापि त्यांनी उपाय योजला तो खात्याच्या परंपरेस धरूनच. रोज सकाळी प्रत्येक डबा पाव वळसा फिरवावा, म्हणजे कोणत्याही रोपाचा एका ठिकाणी फार दिवस लागाबांधा राहणार नाही, असा बदल्यांचा हुकूम निघाला. आणि त्याची अंमलबजावणी केर काढता काढता काकूंकडे आली.

यानंतरचा काळ दुष्काळी नव्हता, ओला दुष्काळी होता. रयतेवरील मायेपोटी रावसाहेब सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीस असे त्रिकाळ पाणी घालीत, आणि त्या पाण्याला ‘तगाई’ म्हणत. एका सकाळी सर्व्हे नंबर दोन, तीन आणि पाचमधील रोपे मातीलगत देठाशी काळी पडून आडवी झालेली आढळली. रीतसर पंचनामा झाला. मृत्यूचे कारण ‘पाण्याचा अभाव’ असे ते लिहू लागले, तोच काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या.

“अहो, तहानेने नाही गेली ती. बुडून गेली!”

आणि मग त्या माउलीने जे व्याख्यान दिले, ते शेतकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी ऐकावे असे होते. मटकीला मोड आणताना ती भिजवून ठेवतात, पण नंतर पाणी निथळून फडक्यात बांधतात. ओल हवी, पाणी साचता नये. पाण्यात राहिली की तिला मोड येत नाहीत, वास येतो. दाटी झाली, वारा कोंडला आणि माती सदैव चिकचिकीत राहिली, की कोवळ्या देठाशी बुरशी धरते. त्याच दिवसापासून डब्यांच्या बुडाला खिळ्याने भोके पडली, परातीत दोन बोटे पाणी घालून डबे तीत थोडा वेळ ठेवण्याची पद्धत सुरू झाली, माती खालून आपल्या तहानेपुरते पाणी ओढून घेऊ लागली, आणि तगाई खाते कायमचे बंद झाले. रावसाहेबांकडे केवळ देखरेख, नोंद आणि दुपारची झोप ही तीन कामे उरली.

मांजराचे अतिक्रमण हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. हिवाळ्यातल्या दक्षिणेच्या उन्हात, भुसभुशीत मातीच्या डब्यावर अंग मुडपून झोपण्यासारखे सुख मार्जारवंशाला दुसरे नसावे. रावसाहेबांनी प्रथम तोंडी समज दिली. मग ‘सदर जागेत प्रवेश करू नये’ अशी पाटी लावली. मांजराने त्या पाटीला अंग घासून आपली वहिवाट शाबीत केली. नंबर नऊ, दहा आणि अकरा अशा रीतीने पडीक झाले. उरलेल्यांपैकी बऱ्याच रोपांचे कोवळे शेंडे चिमण्यांनी खुडून नेले.

जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते, आणि रावसाहेब ते कधी चुकवीत नाहीत. १८३० साली स्थापन झालेल्या संस्थेच्या त्या बागेत ताटाएवढे डेलिया आणि ओसंडून वाहणाऱ्या पेट्युनियाच्या कुंड्या पाहत, हात पाठीमागे बांधून ते तपासणीवर आलेल्या अधिकाऱ्याच्या चालीने हिंडतात. त्या वर्षी एका कुंडीपुढे ते पुष्कळ वेळ थांबले. “यांना माळी आहेत,” ते शेवटी म्हणाले. आणि परतीच्या वाटेवर वाडा येईपर्यंत बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या हाका साऱ्या चौकात घुमल्या. नंबर सातमधील हजारांतून चाळीस उगवलेल्या, चाळिसांतून तीन वाचलेल्या आणि तिहींतून एकच जीव धरलेल्या रोपट्याला फूल आले होते. पाकिटावरील फूल गर्द जांभळे आणि पांढऱ्या काठाचे होते. हे फिकट, एकरंगी आणि किंचित मुडपलेले निघाले. पण अर्जास जोडलेला नकाशा आणि प्रत्यक्ष जागा यांत एवढा फरक असावयाचाच, असे म्हणून रावसाहेबांनी तो मुद्दा निकालात काढला. आणेवारी चार आण्यांच्या आत ठरून सारा पूर्ण तहकूब झाला. मग त्यांनी वही उघडली. नमुना सातमध्ये कब्जेदार म्हणून त्यांचे स्वतःचे नाव पूर्वीच होते. नमुना बारामध्ये पीक लिहिले, क्षेत्र लिहिले, आणि ‘जमीन करणाराचे नाव’ या रकान्यापाशी त्यांची लेखणी थांबली.

“मास्तर,” ते हळू आवाजात म्हणाले, “राबायचे एकाने आणि पाहणीत लिहायचे ‘खुद्द’, अशा नोंदी मी पस्तीस वर्षांत किती पाहिल्या असतील! खोट्या आहेत हे कळत होते. पण कागद पुरा होता.” थोडा वेळ ते परातीकडे पाहत राहिले. मग टाक दौतीत बुडवून त्यांनी वळणदार अक्षरांत काकूंचे संपूर्ण नाव लिहिले, टीपकागदाने टिपले, आणि पंच म्हणून माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा खिडकीत फूल नव्हते. रावसाहेब देवघरापुढे उभे होते आणि आत, चंदनाच्या गंधाखाली, बाळकृष्णाच्या मस्तकावर ते फिकट जांभळे फूल किंचित कलून बसले होते. काकू शांतपणे सहाण धूत होत्या. तक्रार करण्यास रावसाहेबांना जागाच नव्हती. कसणाराची नोंद त्यांनी स्वहस्ते केली होती, आणि पीक कसणाराचे. बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मग खिडकीशी जाऊन त्यांनी वही काढली, चष्मा पुसला, आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहिले: ‘देवस्थान इनाम, वर्ग ३. सारा माफ.’