बॅच १९८४चा मजनू

वय ५६-५७. राज्य सरकारी नोकरीत असेल तर ५८ला निवृत्ती, म्हणजे पेन्शनच्या कागदांची जमवाजमव सुरू. एक गुडघा कुरकुरतो, रक्तदाबाची गोळी चालू आहे. असा सरळमार्गी गृहस्थ एके दिवशी मिशीला कलप लावताना सापडला, की खुशाल समजावं : दहावीच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप निघालाय आणि त्यात 'ती' ॲड झालीय.

ती सापडणं हेच मुळात अवघड. फेसबुक आलं तेव्हापासून हा तिला शोधतोय. पण आपल्याकडे लग्नात मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं येतं, आणि त्या काळी तर ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही पुसून टाकत. वर्गातली सुनंदा सासरी शुभांगी झाली, तर शोधणाऱ्यानं शोधायचं कुणाला? तिथे झुकेरबर्गही हात टेकतो. म्हणून माहेरचं आडनाव कंसात लिहिणाऱ्या बायका या माणसाला फार थोर वाटतात.

आता मूळ प्रकरण. १९८४ साली गावाकडच्या मराठी शाळेत मुलं-मुली एकमेकांशी बोलत नसत. भूमितीच्या तासाला तिनं एकदा याचं कर्कटक मागितलं, तेही मधल्या बाकावरच्या मुलीमार्फत, आणि त्याच मार्गानं परत केलं. प्रत्यक्ष संवाद शून्य. एवढ्या भांडवलावर हा माणूस ४० वर्षं उसासे टाकतो. २०१३ साली 'दुनियादारी' आला, तो यानं दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा एकट्यानं. जुनं प्रेम पुन्हा जागं झालं असं तो मित्रांना सांगतो. मला विचाराल तर ते पहिल्यांदाही याच्या एकट्याच्याच घरी मुक्कामाला होतं.

ग्रुपवर तिच्या 'शुभ सकाळ'ला पहिला अंगठा याचा. तेच सूर्यफूल तिनं भिशीच्या, भजनी मंडळाच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरही टाकलेलं असतं, पण याला ते खास आपल्यासाठी उमललेलं वाटतं. व्हॉट्सॲपनं २०१४ मध्ये निळ्या टिका आणल्या त्या बहुधा अशांचाच जीव टांगणीला लावायला. स्वतंत्र मेसेज करायचा तर 'अगं' लिहावं की 'अहो', इथेच गाडी अडते. शेवटी 'नमस्कार, ओळखलंत का?' उत्तरादाखल दोन जोडलेले हात येतात. त्यावर तो आठवडा काढतो.

मग गेट-टुगेदर. दिवाळीनंतरचा रविवार, शाळेचंच सभागृह, दारात फ्लेक्स. सगळ्यांना गुलाबी फेटे बांधतात, त्यामुळे रंगवलेले केस आत गडप होतात आणि कानाच्या पाळीवरचा कलपाचा डाग तेवढा बाहेर राहतो. घंटा होते, प्रतिज्ञा होते, दिवंगत गुरुजनांना श्रद्धांजली होते. जेवणाच्या रांगेत अखेर ती समोर येते. निरखून बघते.

"अरे, तू तोच ना, पीटीच्या सरांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्यावर चक्कर येऊन पडलेला?"

तो हाच. कर्कटकाचं तिला काहीच आठवत नाही. पण जिलेबीकडे वळलेला याचा हात मात्र तिच्या नजरेतून सुटत नाही. "शुगर आहे ना तुला? तीन महिन्यांची किती आली?" हा आपला आकडा सांगतो, ती तिचा सांगते. मसालेभात वाढून होईपर्यंत तिच्या मिस्टरांची अँजिओप्लास्टी आटोपते आणि मठ्ठ्याला विषय मुलांवर येतो. "तुझ्या मुलाचं बघताय का रे? माझी मुलगी पुण्यात आयटीत आहे."

हा घरी पोचायच्या आत बायोडाटाची पीडीएफ फोनवर हजर. जिच्यासाठी आयुष्यभर झुरलो ती विहीणबाई म्हणून मांडवात उभी राहणार, या कल्पनेनं बिचाऱ्याला रात्रभर झोप नाही. सकाळी बायको चष्मा लावून शांतपणे बायोडाटा वाचते.

"मुलगी चांगली आहे हो. आईवर गेलेली दिसतेय. कर्कटकवाली हीच ना?"

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात यानं मोठ्या मनानं सगळं सांगून टाकलेलं असतं. तो विसरतो, बायका विसरत नाहीत.

तेव्हा वहिनींनो, तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याला अडवू नका. वर्गणी भरा, फेट्यातला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकू द्या. यात कुणाचा संसार मोडल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. फक्त जिलेबीवर लक्ष ठेवायला तिथल्या एखादीला आधीच फोन करून ठेवा.